न फुटणारी प्लेट

२ फेब्रुवारी, सकाळ.
आजपासून संताप बंद. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब बघा, आता तरी हातघाईवर येऊ नका. येणार नाही. कंपोझिट मटेरिअल्सची परिषद तोंडावर आली आहे आणि तिथे मला फक्त एकाच माणसाचा चेंदामेंदा करायचा आहे. तोही शास्त्रीय पद्धतीने.
माणूस म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच लॅबमध्ये. भर सभेत आम्हा दोघांच्या कार्बन फायबरच्या प्लेटवर घण पडणार. ज्याची टिकेल तो विभागप्रमुख, असं संचालकबाई म्हणाल्या. म्हणजे मी.

४ फेब्रुवारी.
प्लेट स्वतः रचली. चिकट कापडाचे थर, प्रत्येकाच्या पाठीला पातळ निळी फिल्म. ती सोलायची, थर दाबून बसवायचा, वर पुढचा. ऐन रंगात मेहुण्याचा फोन. म्हणे, दाजी, घण जरा हलका ठेवायला सांगू का, तुमच्या प्लेटची काळजी वाटते. त्याला शब्दांनी सोलून काढलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात थर, काम मात्र क्षणभरही थांबवलं नाही. याला एकाग्रता म्हणतात.
लॅबचा नियम असा की शेवटी सोललेल्या फिल्म मोजायच्या. जितके थर तितक्या फिल्म. मी मोजत नाही. ज्यांचा स्वतःवर विश्वास नसतो ते मोजतात. मेहुणा दोनदा मोजतो. हे आठवून कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली. फिल्म लॅबभर. प्लेट भट्टीत.

६ फेब्रुवारी.
मेहुण्याची एक जुनी प्लेट हातोडीने फोडायला घेतली. हातोडीचा दांडा मोडला. स्टेपलर भिरकावला, खिडकीची काच गेली. संताप नव्हे, चाचणी.
बायको म्हणाली, माझ्या भावाच्या केसाला जरी धक्का लागला तरी बघा. त्याला केस नाहीत, हे मी शांतपणे निदर्शनास आणलं. आमटीची वाटी आली. नेम चांगला आहे तिचा.

८ फेब्रुवारी.
विजयानंतरचं भाषण पाठ. हस्तांदोलन करताना त्याची बोटं किती दाबायची याचा सराव उशीवर केला. उशी फाटली. उत्तम लक्षण.

९ फेब्रुवारी, दुपार.
आधी मेहुण्याची प्लेट. घण आपटला, उसळला. प्लेटवर नुसता ओरखडा. नशीब.
मग माझी. कानठळ्या बसवणारा आवाज. प्लेट पुस्तकासारखी उघडली. वरचं अर्धं उडालं, संचालकबाईंचा ग्लास फोडून पाहुण्या प्राध्यापकांच्या कपाळावर बसलं. रक्त आलं. खालच्या अर्ध्यावर निळी फिल्म, अखंड, चकचकीत. सभागृह हसलं, म्हणजे ज्यांना लागलं नव्हतं ते.
घातपात. दुसरं काय.
मेहुणा आपली प्लेट हातात घेऊन धावत आला. म्हणाला, दाजी, खाली बसा, घोटभर पाणी घ्या. या कुत्सितपणाला एकच उत्तर होतं. त्याच्या नाकाचा नेम धरून सगळी ताकद लावून ठोसा हाणला. भेकडाने प्लेट तोंडापुढे धरली.
प्लेटला दुसऱ्यांदाही काही झालं नाही.

१० फेब्रुवारी.
डाव्या हाताने लिहितो आहे. इस्पितळात मेहुण्यानेच नेलं. वाटेत घातपाताबद्दल खडसावलं. तो म्हणाला, दाजी, फोनवर माझ्या सात पिढ्या उद्धरताना मधेच तुम्ही म्हणाला होतात, थांब, हा थर सोलला का मी. पुरावा काय, असं विचारलं. तो गाडी चालवत राहिला.
हाताला प्लॅस्टर आहे ते काचेच्या धाग्याचं, रेझिनमध्ये भिजवलेलं. म्हणजे कंपोझिटच. संध्याकाळी टेबलावर जोरात आपटून पाहिलं. टेबलाचा टवका उडाला. कोणीतरी नीट थर दिले आहेत.

१३ फेब्रुवारी.
लॅबमध्ये रुजू. नवे विभागप्रमुख टेबलापाशी आले. म्हणाले, दाजी, हात बरा होईपर्यंत जड काम नको. डाव्या हाताने जमेल असं दिलं आहे. सगळ्यांच्या सोललेल्या फिल्म मोजायच्या.
त्यांच्या डोक्यात डबा घालण्याचा विचार तूर्त पुढे ढकलला आहे. डब्यात फिल्म होत्या.
मोजल्या. दोनदा.