मागील सभेचे इतिवृत्त

लालबाग
शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

चि. गंगाधर,

आशीर्वाद. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून कागद काढला. हे पत्र तुझ्या टॉवरच्या वॉचमनकडे स्वतः देऊन येईन. वर येणार नाही, घाबरू नकोस.

इकडे ठीक. जिन्याच्या तीन पायऱ्या बदलल्या. बाबांच्या खोलीचं कुलूप गंजलंय, ते येऊन बघ. खोली तुझ्या नावावर आहे आणि किल्लीही तुझ्याकडेच. माझा गुडघा होता तसाच आहे.

दस्तगीर मुकादम चाळ सोडून गेला. तळमजल्यावरचं दुकान बंद करून लेकीकडे, मुंब्र्याला. शिलाई मशीन काल सकाळी टेम्पोत चढवलं. तुला आनंद झाला असेल. झाला नसेल तर तसं कळव.

चौतीस वर्षं आपल्या गणपतीच्या मखराचा पडदा त्याने शिवला. दर वर्षी आषाढात मला विचारायला यायचा, 'बाई, यंदा कुठला रंग?' आणि मी काहीही सांगितलं तरी शेवटी मोरपंखीच शिवायचा. तुझ्या लग्नातला कोट त्याचाच. बाह्या लांब झाल्या म्हणून बकुळा बोहल्यावरच हसली होती, आठवतं?

चाळीच्या तेरा जुलैच्या सभेबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

तू उठलास, फोन उंच धरलास आणि तो कपड्यांवर काहीतरी शिंपडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवलास. मग म्हणालास, यंदापासून पडदा आपल्याच माणसाकडून शिवून घ्यावा. तो व्हिडिओ दुसऱ्याच देशातला, सहा वर्षांपूर्वीचा, आणि त्यातला माणूस शिंपी नाही, रंगारी आहे, हे मी दहा तारखेलाच घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं. पुराव्यासकट, सहा मुद्दे, आकडे घालून. आपल्या भाचीने, प्रितीने, त्यावर हसरा चेहरा टाकला. त्याच दिवशी तू ग्रुप सोडलास.

दोन वर्षं मी तुझ्या चुका काढते आहे. सदतीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या, दुसरं काही येत नाही. बकुळा गेली तेव्हा तेराव्यापर्यंत मी तुझ्याकडे होते. चौदाव्या दिवशी घरी आले. त्यानंतर तुला असले व्हिडिओ पाठवणारा तो अजित दीड महिना रोज तुझ्यासाठी डबा घेऊन बाविसाव्या मजल्यावर येत होता आणि तुझं जेवण होईपर्यंत समोर बसायचा, हे मला तुझ्या वॉचमनकडून कळलं. जेवताना कानात काय घालत होता ते आता दिसतंच आहे. पण डबा त्याने आणला. मी दुरुस्त्या पाठवल्या.

म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. एकटी माणसं पुष्कळ असतात. मीही आहे. सगळेच दुसऱ्याच्या पोटावर पाय आणत नाहीत.

त्या दिवशी एकेचाळीस माणसं होती. अजित सभासद नसताना मागे भिंतीला टेकून उभा होता. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत नाही ना, आणि माझ्याकडे बघितलं. मी बावीस वर्षं चिटणीस आहे आणि हरकत असली की ती माझीच असते. मी मान खाली घातली आणि लिहिलं: 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

चिटणिसाने लिहायचं असतं, बोलायचं नसतं, असं घरी येताना मी स्वतःला बजावलं. मग म्हटलं, भावाला चारचौघांत पुन्हा कशाला खाली पाहायला लावायचं. बकुळा गेल्यापासून प्रथमच लोक त्याचं ऐकत होते. दोन्ही खोटं. मी घाबरले, गंगाधर. घरच्या ग्रुपवर सहा मुद्दे लिहिणारी तुझी बहीण चाळीतल्याच माणसांना घाबरली.

ठरावात फक्त पडदा होता. तो फलकावर लागल्यावर बायका ब्लाउजची कापडं परत न्यायला लागल्या. न शिवलेली.

सोमवारी दस्तगीर वर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आजवर कधी राहिला नव्हता.

"बाई, अक्षर तुमचं आहे," म्हणाला.

मी हो म्हटलं.

"मग बरोबरच असेल."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. काल टेम्पोजवळ गेले, तर मला म्हणाला, गुडघा सांभाळा. बस, एवढंच.

परवा, रविवारी, पाच वाजता सभा आहे. पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तेव्हा लोक चहा घेत असतात, कोणी ऐकत नाही. पण कायम होण्याआधी दुरुस्ती सुचवता येते. मी सुचवणार आहे. 'सर्वानुमते' खोडावं. चिटणिसांना व्हिडिओ खोटा असल्याचं ठाऊक होतं, त्या ठरावाच्या विरोधात होत्या आणि भीतीने गप्प बसल्या, असं लिहावं. मग वही अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवून पद सोडेन. याने दस्तगीर परत येणार नाही, हे मला कळतं.

तू सभेला ये. तुला उभं करून काही विचारणार नाही. त्याआधी बारा वाजता जेवायला ये. वालाचं बिरडं करते, बकुळासारखं जमणार नाही. तुला जे सांगायचं असेल ते सांग. जेवण होईपर्यंत मी एकही चूक काढणार नाही. नंतरचं वचन देत नाही. अजितला आणलंस तर त्यालाही वाढेन. त्याने तुला जेवू घातलंय, तेवढं मी नाकारत नाही.

तू येशील असं वाटत नाही. पानं दोन घेईन.

या पत्रात दोन ठिकाणी खाडाखोड आहे. पुन्हा लिहून काढलेलं नाही.

तुझी ताई,
रविवारी पाच वाजेपर्यंत चिटणीस,
मृणालिनी