गाडीत तेल कमी होतं

आबा, गाडीत तेल कमी होतं. एवढंच होतं हो. त्या पिस्ता रंगाच्या लांबलचक अमेरिकन गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दोन बाटल्या तेल ओतलं असतं, तर गाडीच्या मालक शेटची मंडळी दुपारपर्यंत महाबळेश्वरला पोचली असती आणि तुम्ही हात धुऊन जेवायला बसला असता. हे मला कळलं तुम्ही गेल्यावर अकरा वर्षांनी. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांचं काम तेव्हा कुठे मी खरोखर शिकलो.

पोलादपूरचं आपलं गॅरेज म्हणजे काय, चार खांब, वर पत्रे आणि पुढे रस्त्याकडे उतरत गेलेलं अंगण. तिथे सगळे घाटातले ट्रक यायचे. त्या सकाळी ही गाडी अर्ध्या घाटातून माघारी आली. ड्रायव्हर सांगत होता, सपाटीला ठीक चालते, पण तापली आणि चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरत नाही. तुम्ही आत डोकावलात, क्लचचा पेडलच नाही हे बघून हसलात. "ह्याचा एक पाय कुनी चोरलान रे?" मग इंजिन बंद ठेवून, ट्रकच्या इंजिनाचं तेल बघायचो तसंच, गिअरबॉक्सच्या तेलाची काडी काढून बघितलीत. तेल भरलेलं दिसलं. बोटावर घेऊन चोळलंत, हुंगलंत. म्हणालात, "जळका वास नाय. आतलं काय जळलेलं नाय." आणि जरा थांबून, "तापल्यावर दुखतंय ना हिचं? मग तापलेली असतानाच बघाया पायजे. इंजिन चालू कर, काडी परत बघू."

बरोबर होतं आबा. शंभर टक्के बरोबर होतं. त्या गाड्यांचं तेल इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजतात. बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं आणि काडी खोटं बोलते. जन्मात असली गाडी बघितली नव्हतीत, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी तुम्ही अगदी दारापर्यंत पोचला होतात. आणि मी, चोवीस वर्षांचा घोडा, म्हणालो, "आबा, हा ट्रक नाही. मुंबईत असल्या गाड्या मी रोज खोलायचो. गिअरबॉक्सचं खालचं तेलाचं भांडं उतरवावं लागणार." कसल्या खोलायचो! दोन वर्षं मुंबईत मी गाड्या धूत होतो. बॉनेटला हात लावला तर मुकादम आईवरून शिव्या द्यायचा. पण तुम्ही शेटकडे वळून म्हणालात, "पोरगा मुंबैला शिकून आलाय. तो सांगल तसं करू." तुमचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. इतका अभिमान माझ्या वाट्याला परत कधी आला नाही, आणि तो असा फुकटचा होता.

पुढचं चाक जॅकवर उचललं. शेट सावलीत जाऊन बसला, ड्रायव्हर चहाला गेला. कुठल्याही गाडीखाली शिरायच्या आधी तुम्ही मागच्या चाकांना स्वतः दगड लावायचात, प्रत्येक दगडाला दोन लाथा घालून बघायचात. तसे वाकलात, आणि मला लाज वाटली हो. एवढ्या झकपक गाडीला नदीतले धोंडे! म्हणालो, "राहू द्या ते, गाडी गिअरमध्ये टाकतो." ट्रक पहिल्या गिअरमध्ये बंद केला की उतारावरही हलत नाही, हे आपल्या घाटातलं शेंबडं पोरही जाणतं. ड्रायव्हरनं स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, ठेवला होता. मी तो 'एल'वर ओढला. पहिला गिअर तो पहिला गिअर, अशी माझी अक्कल. त्या गाडीत चाकं अडवतं ते फक्त 'पी'. बाकीचे गिअर तेलाच्या दाबावर धरतात, आणि इंजिन बंद म्हणजे दाब नाही. हँडब्रेक घाटात जळून नावापुरता उरला होता.

"टाकलास?" तुम्ही गोणपाटावर पडून विचारलंत.

"टाकलाय, जावा."

तुम्ही दोन बोल्ट सैल केलेत. मग गाडी हलली, अगदी सावकाश, आणि जॅक आडवा झाला. मी दाराची मूठ धरून मागे खेचत होतो. माणसाच्या हातानं काय थांबणार होती ती. महाडच्या दवाखान्यात नेईपर्यंतही तुम्ही राहिला नाहीत.

हवालदारानं पंचनाम्यात विचारलं, चाकांना दगड का नव्हते? मी म्हणालो, आबा विसरले. तोंडातून निघून गेलं. वाटलं, एकदाच सांगायचं आहे. पण आईनं ते एकोणीस वर्षं उरापाशी धरलं. पितृपक्षात तुमचं पान वाढताना रडायची आणि तुम्हालाच बोलायची, "आख्ख्या तालुक्याला शिकवत होतात, नि सोता कसे इसरलात वो?" अंथरुणाला खिळल्यावर तिनं माझा हात धरून विचारलं, "खरंच इसरले का रे?" ती कुणाला सांगायला जाणार होती? मी म्हटलं, "होय."

आता महाडला हायवेवर माझ्या मुलाचं गॅरेज आहे. गाडीला वायर जोडली की पडद्यावर बिघाड उमटतो. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मुलगा त्याला तुमची गोष्ट सांगतो, की आमचे आजोबा एकदाच दगड लावायला विसरले आणि जिवानिशी गेले. हा कागद त्याच्या हाती लागू नये, म्हणून उद्या बंबात घालीन. काल असाच एक नवा माणूस आला. गोष्ट सांगून झाल्यावर मुलानं माझ्याकडे बोट केलं, "विचार यांना, हे तिथेच होते." तो माणूस माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "फार हुशार मेकॅनिक होते. पण विसरले."