चौथा तुकडा

३ मार्च

चि. धाकटेबुवा यांस थोरल्या बहिणीचे अ. आ.

पत्र टपालाने पाठवते आहे, कारण ते वाटेत कोणी तोडत नाही. तुमच्या कारखान्यात मोबाइल फाटकावर काढून ठेवायचा, म्हणून तू चहाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ईमेल करतोस. मोबाइल कंपनी त्याचे सत्तर-सत्तर अक्षरांचे तुकडे करून बाबांच्या बटणांच्या फोनवर टाकते. बाबांनी उत्तर दिलं की ते ईमेल होऊन तुझ्याकडे. इथवर मला समजलं. समजत नाही ते एवढंच, की तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या मुलाचं कौतुक अखंड कसं.

चाळीस वर्षं लोकांना चष्मे करून दिलेल्या माणसाला आता फोनवरचं अक्षर दिसत नाही. तेव्हा वाचायचं मी, टाइप करायचं मी. परवा तू लिहिलंस की आज कामाला उशीर झाला. एवढं वाङ्मय मी तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, पोरगा फार राबतो. त्या वेळी मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते; दिवसातली चौथी वेळ, छापखान्यात आठ तास मुद्रितं तपासून आल्यावर. माझ्या वाट्याला आलं ते असं, की तुझे हात फार गार असतात.

षड्रिपूंत मत्सराचा नंबर शेवटचा, असं आम्हाला शाळेत शिकवलं. शिकवणाऱ्या गुरुजींना धाकटा भाऊ नसावा.

बाकी क्षेम. लोभ आहेच, फक्त तो माझ्या वाट्यातून वळता होऊन तुझ्याकडे जातो एवढंच.

ताई

१४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुला माझा हेवा? बाबा जेवले की नाही, रात्री खोकले की नाही, हे तुला भिंतीपलीकडून कळतं. मला ते सत्तर अक्षरांत मिळतात, त्यातही अर्धी वाक्यं तू सुधारलेली असतात. मला तर त्या गार हातांबद्दलच्या तक्रारीचाही हेवा वाटला.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात मी बाबांना लांबलचक ईमेल केला, पाच तुकड्यांचा. भाड्याने नवं घर बघितलंय, डोळ्यांचं हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. ऑपरेशन इथे करू आणि नंतर माझ्याकडेच राहा, असं विचारलं. हे एक वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले. उत्तर आलं, 'कठडा लगेच बसवून घे. लाकडी घे, लोखंडी हाताला गार लागतो.'

ताई, घर तळमजल्यावर आहे. घराला जिना नाही. कठडा बसवू कुठे? यायचं नसेल तर सरळ नाही म्हणायचं, इतकं टाळावं का? की मी विचारलं तेच त्यांना खटकलं? घरमालकाला एकतीस तारखेला होय-नाही सांगायचंय. मला एकट्याला दुसरी खोली काय करायची?

तू त्यांच्याजवळ असतेस, तूच सांग.

तुझा,
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

जे यंत्र तोडतं ते कधीतरी गिळतंही. एखादा तुकडा वाटेत राहिला असेल. कठड्याचं म्हणशील, तर म्हाताऱ्या माणसांचं बोलणं सूत्रासारखं असतं, अर्थ भाष्यकाराने लावायचा. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. छापखान्यात कामाचा ढीग आहे, म्हणून आटोपतं घेते.

ताई

२४ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

मोबाइल कंपनीत चौकशी केली. पाचही तुकडे पोचलेत. चौथा चार वाजून सोळा मिनिटांनी.

ईमेल पुन्हा पाठवणार होतो, पण पाठवला नाही. पाठवला तरी तुझ्याच हातात पडणार. वाचायचा की नाही, ते तू ठरव. एकतीसपर्यंत थांबतो.

धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद द्यायचा अधिकार या खेपेला नाही, तेव्हा नुसतंच लिहिते.

त्या दिवशी छापखान्याला सुट्टी होती; मी स्वयंपाकघरातून एकेक तुकडा मोठ्याने वाचत होते. तिसरा संपला तो 'बरेच दिवस मनात आहे की' इथे. मग चौथा आला. 'तळमजला आहे, चढउतार नाही. डोळ्यांचं ऑपरेशन इथे करू. मग इथेच राहा.' तो मी मनात वाचला. बाहेरून बाबांनी विचारलं, मनात आहे की, पुढे काय? आणि पाचवा येऊन पडला, 'तर काय म्हणता? लगेच कळवा.'

मधली जागा रिकामी होती. उभा जन्म लोकांच्या गाळलेल्या ओळी भरण्यात गेला. तोंडातून आपोआप निघालं, घराच्या जिन्याला कठडा नाही, पाय घसरेलशी भीती वाटते. तळमजला वाचला, म्हणूनच जिना सुचला. ग्रंथात परक्याने घुसडलेल्या श्लोकाला आम्ही प्रक्षिप्त म्हणतो आणि घुसडणाऱ्याला नावं ठेवतो. बाबांनी दहा मिनिटं विचार केला, लाकूड की लोखंड. त्यांचं उत्तर मी एक अक्षर न बदलता पाठवलं, आणि तेवढ्या प्रामाणिकपणावर तीन आठवडे जगले. एकोणीस तारखेचं पत्र म्हणजे त्याच खोट्यावरचं भाष्य.

कारण विचारशील, तर सांगण्यासारखं नाही, पण आहे. तू दुरून बोलावलंस तर ते जातील, हे मला ठाऊक होतं. मी जवळ असून मला कधी त्यांना बोलवावंच लागलं नाही. त्यामुळे माझ्याकडे राहावंसं त्यांना वाटतं का, हे मला आजवर कळलेलं नाही.

काल छापखान्यातून आल्यावर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि चौथा तुकडा वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, हे त्याचं वाटतं. ते कठड्याचं जरा जास्तच नीटनेटकं होतं. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं पडलं असतं. थोड्या वेळाने म्हणाले, दहा तारखेला येतो म्हणून कळव. ते मी टाइप केलं. पाठवू का, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणाले. म्हणजे हे पत्र पोचण्याआधी ते तुला मिळालेलं असेल.

ऑपरेशननंतर परत यायचं की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. हेवा वाटतोच आहे, अगदी पहिल्याइतका, आणि तो तुझ्यापासून लपवायचं आता कारण उरलं नाही.

थेंब घालायच्या आधी हात गरम पाण्यात धरत जा. संध्याकाळी मी त्यांच्या फोनवर संदेश पाठवीन; डोळे उघडेपर्यंत ते तू वाचून दाखवायचेस. मधे कुठे रिकामी जागा दिसली तर भरू नकोस. ती मी मुद्दाम ठेवलेली असेल.

तुझी,
ताई