चाळिसांतली रेवा

बुधवार, १८ मे २०१६
क्वीन्सटाउन, सिंगापूर

अजून डोकं शांत होत नाहीये. आज रेवाच्या शाळेत पालकांना भेटायला बोलावलं होतं. तिसरीपासून वर्गात चाळीस मुलं, म्हणून प्रत्येक पालकाला मोजून पाच मिनिटं. बाई तशा हसतमुख. म्हणाल्या, “तिचं तमिळ खूप सुधारलंय.”

तमिळ? रेवा हिंदी शिकते! वर्गात भारतीय मुली दोनच, रेवा आणि कविता. बाई पाचही मिनिटं मला कविताबद्दल सांगत होत्या. आणि मी काय केलं? ‘थँक यू’ म्हणून उठले. चाळीस मुलांत गोंधळ व्हायचाच, अशी स्वतःची समजूत काढत घरी आले.

जेवताना महेशला सांगितलं, तर म्हणतो, “जाऊ दे ना. आपला इथे कायम राहायचा, पीआरचा अर्ज अडकलाय, कशाला शाळेशी वाकडं घ्यायचं?”

तेवढ्यात रेवा, ताटातून मानही वर न करता, इथल्या मुलांसारखं शेवटी ‘लाह’ लावत: “मम्मा, टीचर मला नेहमी कविताच म्हणते. आय जस्ट आन्सर, लाह.”

नेहमी! म्हणजे जानेवारीत शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासून माझी पोर दुसरीच्या नावाला ‘येस’ म्हणतेय. महेशचाही घास हातातच राहिला.

बास झालं. वर्गात चाळीस असोत नाही तर चारशे. अर्जाचं काय व्हायचं ते होऊ दे. उद्या सकाळी मी शाळेत जाणार, आणि मला पाच मिनिटंही नकोत. रेवाला तर आत्ताच बजावलंय, उद्या कविता म्हणून हाक आली तर जागची हलू नकोस.