पालकाची सही

नंदनवन, नागपूर
९ मे २०२६

प्रिय यमू,

अकरा दिवस झाले, मी तुझा फोन उचललेला नाही. काल तू तीनदा केलास, आज सकाळी एकदा. आमचे आनंदराव म्हणाले, "बोलून टाक ना वं एकदाचं, काहून जीव जाळून राहिली?" पण फोनवर मी नुसती भांडते हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पंचवीस वर्षं एका शाळेत आपली टेबलं शेजारी शेजारी होती, तू खेळाची बाई, मी गणिताची. त्यातून मैत्री, आणि मैत्रीतून तुझी लेक अपेक्षा माझ्या रोशनला दिलीस म्हणून विहिणी. एवढं सगळं असूनही तू माझ्यापासून चोरून माझ्या नातीला पाण्यात उतरवलंस. राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तोच लिहून काढते.

दीप्ती दर शनिवारी तुझ्याकडे रामदासपेठेत येते आणि रविवारी संध्याकाळी परत आली की मी तिच्या डोक्याला तेल लावते. गेल्या उन्हाळ्यापासून तिचे केस खराट्यासारखे होत चालले होते. मी तुझ्या शाम्पूला नावं ठेवली, तुमच्या इमारतीच्या बोअरच्या पाण्याला ठेवली, शेवटी शिकेकाईची पुडी करून पाठवली. तू ती मुकाट्यानं ठेवून घेतलीस आणि वर निरोप दिलास की बराच फरक पडतोय. एखादीच्या भोळेपणाचा किती फायदा घ्यावा माणसानं. अखेर पोरीनंच सांगितलं, तुझे ते दोन कागद माझ्या हातात ठेवताना. म्हणाली, "आजी, मी वर्षभरापासून पोहून राहिली. तू रागावशीन म्हणून नाही सांगितलं." एक कागद पोहण्याच्या शिबिराचा, जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली म्हणून पालकाची सही हवी. दुसरा वकिलाचा. सात वर्षं उलटली, आता कोर्टाकडून दोघांना मृत ठरवून घ्यावं आणि पोरीचं पालकत्व रीतसर आपल्या नावावर करावं, असा. मी दोन्ही कागद तांदळाच्या डब्याखाली सारले आणि तुझ्याशी बोलणं टाकलं.

सात वर्षं, यमू. लग्नाचा पाचवा वाढदिवस म्हणून रोशन-अपेक्षा दोघं डिसेंबरात पहाडात गेली, साडेतीन वर्षांच्या दीप्तीला माझ्याजवळ ठेवून. तिथल्या नदीत मोठ्या रबरी राफ्टमध्ये बाकीची मंडळी आणि गाईड. शेवटच्या टप्प्यात पाणी संथ आहे म्हणून ही दोघं दोन माणसांची छोटी नाव घेऊन पुढे निघाली, हात हलवत वळणाआड गेली. पाच मिनिटांनी राफ्ट वळणावर पोचली तेव्हा ना नाव, ना माणसं. नाव तिसऱ्या दिवशी अकरा किलोमीटर खाली सापडली, सरळ तरंगत, दोन्ही वल्ही आत. याच्यापुढचं एक अक्षर आजवर कोणाला माहीत नाही.

माहीत नाही, पण गप्प कोण बसतं? तिकडचं ठाणं म्हणतं, देह नाही म्हणजे मृत्यू नाही. इथले हवालदार म्हणाले, "बाई, ते नदी आमच्या हद्दीत येत नाही ना." नदी येत नाही हे मलाही कळतं, मुलगा तर येत होता. एका सरकारी पत्रात रोशनचं वय बासष्ट लिहून आलं. मी लाल पेननं दुरुस्त करून परत पाठवलं, तर चार महिन्यांनी उत्तर, तपास सुरू आहे. शेजारच्या देवाजींनी त्यांना कॅनडात नेऊन बसवलंय. ज्योतिषी म्हणाला, उत्तर दिशेला, पाण्याजवळ. ते तर मीच त्याला सांगितलं होतं. आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की गणिताला उत्तर असतंच, सापडत नसेल तर मांडणी चुकली आहे. आता डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

बालाघाटची टपरी आठवते? कोणीतरी मोबाईलवर फोटो पाठवला, हुबेहूब तीच दोघं चहा विकताहेत म्हणून, आणि आपण दोघी मिळेल त्या बसनं धावलो. त्या बिचाऱ्या मुलीचा नाकडोळाही अपेक्षासारखा नव्हता. आपली तोंडं बघून तिनं फुकट चहा पाजला. परतीच्या बसमध्ये तू माझा हात धरलास आणि मी तो सोडवून घेतला. तू खिडकीबाहेर बघत बसलीस. तुला वाटलं असेल मी दमले आहे, पण मी दमले नव्हते, माझ्या मनात तेव्हाही तेच होतं.

तेच म्हणजे अपेक्षा. तिला पाण्याचं वेड, तिनं नेलं त्याला, नाहीतर माझा मुलगा कधी गुडघाभर पाण्यात उतरला नाही. हे मी देवाजींना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, तुझ्या तोंडावर तर दर डिसेंबरला. एकदा लोकांच्या लग्नात, जेवणाच्या रांगेत, हातात ताट असताना. तू एकदाही उलटून बोलली नाहीस. तुझ्या त्या गप्प राहण्याचा मला फार राग यायचा. वाटायचं, हिला पटतंय, म्हणून हिच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

परवाच्या रविवारी मी तुमच्या स्विमिंग टँकवर आले होते. भांडायलाच आले होते, आनंदरावांना ऑटोतच बसवून. तू काठावर शिट्टी घेऊन उभी होतीस, दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून. मी मागच्या पायऱ्यांवर खांबाआड बसले, म्हटलं पोरं गेली की हिला धरते. तेवढ्यात दीप्तीनं सूर मारला आणि ती दिसेनाशी झाली. यमू, मी खांब धरून उभीच राहिले. मग ती पार पलीकडे वर आली, नाक पुसलं आणि तुझ्याकडे बघून हसली. सात वर्षं मी पाण्यातून कोणीतरी वर येण्याची वाट बघतेय. आपल्या घरातलं कोणी वर आलेलं मी परवा पहिल्यांदा पाहिलं. पदर तोंडात कोंबून रडले मी.

नंतर तू पोरांना बुडणाऱ्याला वाचवायचं शिकवत होतीस. एक पोर घाबरल्याचं सोंग करून हातपाय मारत होतं आणि दीप्ती त्याच्याकडे झेपावली, तशी तू ओरडलीस, "जवळ नको जाऊ वं पोरी, तो तुले बी बुडवन. काठाला लाग अन् दोर फेक." किती वर्षांपासून तू हेच ओरडत आलीस. शाळेच्या सहलीत, अंबाझरी तलावावर, अपेक्षा एवढीशी होती तेव्हापासून. तिला हा नियम पाढ्यासारखा पाठ होता.

म्हणजे ती एकटी काठाला लागू शकत होती. नदीत काय झालं ते मला माहीत नाही, कोणालाच नाही. पण रोशनला पोहता येत नव्हतं आणि तिला येत होतं, आणि तरी दोघंही आली नाहीत. माझ्या मुलासाठी तिनं तुझा नियम मोडला असणार. हे तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, हो ना? आणि तू मला सात वर्षं बोलू दिलंस.

अजून एक गोष्ट तुला माहीत आहे, आणि तीही तू कधी काढली नाहीस. रोशन पाचवीत असताना शाळेनं उन्हाळ्यात पोहण्याचा वर्ग काढला होता. तो फॉर्म तूच वाटला होतास. रोशन दोन दिवस माझ्यामागे लागला होता. मला पाण्याची भीती वाटायची, बस, दुसरं कारण नव्हतं. मी पालकाच्या सहीवर काट मारली आणि आजाराच्या रकान्यात लिहिलं, मुलाच्या कानाला त्रास आहे. तू तो वाचलास, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि गठ्ठ्यात ठेवून दिलास.

वकिलाचा कागद अजून तांदळाच्या डब्याखालीच आहे. त्यावर माझ्या एकटीच्यानं सही होणार नाही. सोमवारी इकडे ये, दोघी शेजारी बसून करू, आणि ती शिकेकाईची पुडी परत आण, दीप्तीला आता खरंच लागेल. शिबिराचा फॉर्म मात्र या पाकिटात आहे. पालकाची सही मी केली आहे, नात्याच्या पुढे आजी लिहिलं आहे. खाली आजाराचा रकाना होता. पेन हातात धरून मी बराच वेळ बसले, मग लिहिलं, काही नाही, कान चांगले आहेत.

अजूनही तुझीच,
जया