दर्यातलं काम थांबल्यावर

२० मे
हे आले. मुंबईच्या पुढं आत दर्यात तेलाच्या विहिरी आहेत, तिथं लोखंडी मचाणावर पाईप वेल्डिंग करतात. पावसाळ्याआधी काम थांबतं, मग घरी. यंदा सामान जास्त. स्वतःचं हेल्मेट, हातमोजे, सगळंच उचलून आणलं.
"काऊन? दसऱ्यानंतर जायचं नाही काय?"
"ठेकेदार म्हणते, यंदाचं काही सांगता येत नाही."
पूजा माझ्यामागं लपली. बापाशी बोलायला तिला दोन दिवस लागतातच.

२४ मे
गावातले समुद्रावाले सगळेच परत. आमच्या साखरखेर्ड्यात नवी स्लॅबची घरं झाली ती या लोकांच्याच जिवावर. आता किराणावाला पण विचारतो, पुढं कसं?
बबन आला होता. ह्यांनीच त्याला समुद्रावर नेलेलं. शेत नाही, लग्न आत्ताच झालेलं.
"भाऊ, मले ना वखर हाकता येत ना कापूस येचता. पाईप तेवढा जोडता येते."
ह्यांचा चहा तसाच थंड.

१ जून
रोडच्या कडेला, आमच्याच वावरात, वेल्डिंगसाठी टिनाचं शेड उभं केलं. हे आणि बबन. आत्याबाई, म्हणजे ह्यांची आई, नाराज. "दर्यातला माणूस, अन् इथं फाटकं जोडत बसते!" हे हसले फक्त. मला हसू नाही आलं. गिऱ्हाईक कुठंय?

११ जून
आलं! पेरणीची घाई, अन् शेजारच्या गावच्या एका काकांचं पेरणी यंत्र मधोमध तुटलं. एरवी मेहकरला न्यायचं म्हणजे दिवस गेला. ह्यांनी चहा होईस्तोवर जोडून दिलं.
काका म्हणे, "टिकन का?"
"लाटाईच्या माराखाली टिकते काका, तुमच्या वावरात काय होते!"
संध्याकाळपर्यंत रांग. बबनला जेवायला सवड नाही. किती दिवसांनी ह्यांना शीळ घालताना ऐकलं.

१९ जून
आज मी रॉड धरला. बबन सामान आणायला गेलेला, कोणीतरी पाहिजेच होतं. हे म्हणाले, "आधी नुसता टाका मार." मी शिवणकाम करणारी, टाका म्हटल्यावर भीतीच गेली. शिलाईतही टाका, लोखंडातही टाका.
पण कौतुकात डोळ्यांवर काळी काच न धरता जोडाकडं पाहिलं…

२० जून
डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. ओल्या फडक्याच्या घड्या घेऊन हे उशाशी बसून होते. आपणहून बोलत होते. बोटीतून वर मचाणावर जाळीच्या पाळण्यात चढवतात म्हणे. "मी खाली पाह्यतच नाही. पाणी कायंकुट्ट दिसते."
इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

१४ जुलै
देऊळगाव राजाकडच्या शेतकऱ्याची लोखंडी कांदाचाळ करायला मिळाली. मोठं काम. आणखी दोन समुद्रावाले घेतले. माझा एक जोड हातोडा मारताच सुटला. बघे हसले. बबन त्यांच्यावर खेकसला, "माह्या पयल्या दिवशी धा सुटले होते बे!" मी परत टाका मारला. धरला.
आत्याबाई शेडवर भाकरी घेऊन आल्या. न सांगता.

२ सप्टेंबर
ठेकेदाराचा फोन. दसऱ्यानंतर दोन माणसं हवीत. बबन लगेच हो म्हणाला. घरी बाळ येणार, जायचं यात त्याला शंकाच नाही. दुसऱ्या जागेसाठी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, उद्या सांगतो.
मला म्हणाले, "तू सांग."
"मी काऊन सांगू? पाण्यावर तुम्ही जाता."

३ सप्टेंबर
सकाळपासून पूजा ह्यांच्या खांद्यावर. दुपारी शेडमध्ये एकदम म्हणाले,
"मी गेलो तं हे सारं?"
"शेड काय तुमच्यासंग दर्यात येऊन राह्यलं? चालवीन मी. आहेत ना ते दोघं समुद्रावाले."
"अन् राह्यलो तं?"
"तं अर्धं काम तुम्ही कराल."
हसले. खूप वेळ हसले. जा म्हटलं नाही मी, राहा म्हटलं नाही. दोन्हींत आमचं निभेल, असं लग्नानंतर पहिल्यांदा वाटतंय.
ठेकेदाराचा फोन वाजला, तेव्हा आम्ही दोघं एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जोड मारत होतो. जोड अर्धवट सोडता येत नाही. हे म्हणाले, वाजू दे, हा जोड झाला की मीच फोन करतो.