ओटा, उपोषण आणि तुमचे बंधू

नांदुरा,
मंगळवार, दुपार

ती. महामायाताई यांना मंजुश्रीचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचे बंधू तर गरजेपेक्षा जास्त ठीक आहेत, आणि पत्राचं कारण तेच आहे. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता, की अजून खाली मांडी घालूनच धान्य निवडता? (खालीच बसत असाल. मी रागवत नाही, फक्त विचारते.) तुम्ही पाठवलेलं लोणचं पोचलं. सध्या ते कुलपात आहे; का, ते पुढे कळेल. साखरखेर्ड्याला फोन लागत असताना पत्र कशाला, असं वाटेल. पण मी फोनवर बोलू लागले की तुमचे बंधू शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करतात, आणि आजचा विषय ते स्वतः आहेत.

आमचा पुढचा ओटा तुम्हाला माहीत आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तुमचे बंधू रोज सकाळी तिथे बसून देशाची काळजी करतात. सोबतीला वीज खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे भगवंतराव आणि बी-बियाण्यांचं दुकान मुलावर सोपवून मोकळे झालेले हिंमतराव. देश बुडाला, हे चहाच्या आधीच ठरतं. चहानंतर किती खोल, एवढंच ठरायचं बाकी असतं. भारनियमनात जनता कशी उकडून निघते हे भगवंतराव सांगतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर आमच्या इन्व्हर्टरचा पंखा फिरत असतो (त्यासाठी खिडकीतून खास वायर काढली आहे). रस्त्यांची चाळण झाली म्हणून तुमचे बंधू हळहळतात; गेल्या पावसाळ्यापासून ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापलीकडे गेलेले नाहीत. परवा गॅसच्या भावावर बराच वेळ बोलले. मी विचारलं, आपल्या घरात शेगडी कोणत्या भिंतीला आहे? तर म्हणाले, विषय वैयक्तिक करू नकोस. आणि दर थोड्या वेळाने तिघांपैकी कोणीतरी सुस्कारा सोडून म्हणतो, या देशात सामान्य माणसाने जगायचं तरी कसं. पाणी तर सगळ्यांत लाडका विषय. आमच्या घरात नळ आहे, वर प्यायच्या पाण्याचा कॅन दारात येतो. तरी तहानलेल्या जनतेबद्दल बोलून हिंमतरावांचा घसा कोरडा पडतो आणि मला पुन्हा चहा टाकावा लागतो.

ती जनता आमच्या घरामागेच राहते, ताई. मागच्या गल्लीत नळ नाही. बोअरचं पाणी इतकं खारं, की त्यात डाळ शिजत नाही आणि चहा नासतो. भाजी विकणाऱ्या झुंबरबाई आणि त्यांची सून अर्पिता आमच्या परसातल्या नळावर पाणी भरतात. सुनेला आता सातवा महिना आहे, म्हणून झुंबरबाई एकट्याच घागरी वाहतात. आमच्या सभेला याचा पत्ता नव्हता, कारण झुंबरबाई मागच्या दाराने येतात आणि देश पुढच्या दारी बुडत असतो.

तर गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीला नळयोजना मंजूर झाली. एक तरुण अभियंता आला आणि त्याच्या माणसाने फक्कीची पांढरी रेघ मारत आणली, ती थेट आमच्या ओट्यावरून. भगवंतराव त्या वेळी नेमके अतिक्रमणांवर बोलत होते. रेघ जवळ आली तसे त्यांनी वाक्य न तोडता दोन्ही पाय वर उचलले, रेघ खालून गेली, पाय पुन्हा खाली आले. मग अभियंत्याने शांतपणे सांगितलं, की ओटा दोन हात सरकारी जागेत आहे, तो फोडून पाइप जाईल, पुढच्या आठवड्यात शनिवारी मशीन येईल. मालकांनी अडवलं किंवा मालक हजर नसले तर मशीन दुसऱ्या गावी जाईल आणि मागच्या गल्लीचं काम पुढच्या उन्हाळ्यावर पडेल.

ओट्यावर क्षणभर शांतता झाली. (इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहिलं, कोणाला काही झालं की काय.) नंतर मात्र देश असा बुडू लागला की विचारू नका. तिघांनी साखळी उपोषण ठरवलं. साखळी अशी, की नाश्ता झाल्यावर बसायचं आणि जेवायला उठायचं, कारण दुपारचं ऊन सोसत नाही. ‘ओटा वाचवा’ असं फळ्यावर लिहायची कोणालाच हिंमत होईना. म्हणून हिंमतरावांनी कापसाच्या बियाण्याच्या जुन्या जाहिरातीची पाठ रंगवून ‘पाणीप्रश्नावर उपोषण’ एवढंच लिहिलं. मी नाश्ता बंद केला, पंख्याची वायर आत ओढून घेतली आणि लोणच्याला कुलूप लावलं. उपोषण म्हटलं की नीट व्हायला हवं.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई भाजीची पाटी घेऊन पुढच्या रस्त्याने चालल्या होत्या. त्यांनी फळा वाचला, पाटी खाली ठेवली आणि तिघांकडे पाहत राहिल्या. “भाऊ, आमच्या नळासाठी उपाशी बसले तुमी?” त्या म्हणाल्या. “अन् मले सांगतलं बी नाही? घरात रोज पानी भराले येतो मी.”

भगवंतरावांनी फळा वळवायचा प्रयत्न केला, पण पलीकडे कापसाचं बोंड होतं. झुंबरबाई गेल्या त्या अख्खी गल्ली घेऊनच परतल्या. बायकांनी तिघांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले, सातव्या महिन्याची अर्पिता चक्क ओट्यापाशी येऊन बसली, आणि हिंमतरावांच्या हातात कोणीतरी लिंबूसरबत दिलं. ते इतक्या घाईने प्यायले, की उपोषण सुटलं. झुंबरबाईंनी विचारलं, आता नळ येईल न? तिघेही माझ्याकडे पाहू लागले. मग मीच सांगितलं, “येईल. शनिवारी हा ओटा फुटणार आहे, आणि पहिला घाव आमचे हेच घालणार आहेत.” टाळ्या थांबेचनात. बायका गेल्यावर तुमचे बंधू हारासकट आत आले आणि म्हणाले, मंजुश्री, तू हे काय बोलून बसलीस? मी म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं बोलताय तेच. फक्त त्याला वार लावला.

तेव्हापासून ते अंथरुणात आहेत. ताप मोजला, नाही. रोज संध्याकाळी झुंबरबाई तब्येत विचारून जातात आणि जाताना पालकाची जुडी ठेवून जातात. त्या जुडीकडे तुमचे बंधू भिंतीकडे तोंड करून बघत नाहीत.

पत्र पोचताच वाचा. गुडघ्यावर निवडण-टिपण नको.

तुमची भावजय,
मंजुश्री

ता. क. – खरं काम हे आहे. आज सकाळी अंथरुणातूनच त्यांनी जाहीर केलं, की ताईचा गुडघा फार दुखतोय, शुक्रवारी साखरखेर्ड्याला गेलंच पाहिजे. (कोणता गुडघा, हे विचारलं तर सांगता आलं नाही.) त्यांना येऊ देऊ नका. उलट फोन करून दटावा, की पहिला घाव बघायला शनिवारी मीच येतेय. माझं ते ऐकून घेतात, घाबरतात तुम्हाला. त्यांनी पाठ फिरवली तर मशीन परत जाईल, आणि अर्पिताच्या बाळाची दुपटीसुद्धा खाऱ्या पाण्यात धुतली जातील.

ता. क. दुसरा – शनिवारी दुपारनंतर मात्र तुम्ही त्यांना खुशाल घेऊन जा. महिनाभर ठेवा. ओटा गेल्यावर सभा माझ्या पुढच्या खोलीत भरवायची, म्हणून भगवंतराव आताच खुर्च्या मोजून गेले आहेत.

ता. क. तिसरा – अभियंता काल पुन्हा आला होता. पाइप ओट्यावरून पुढे परसात वळणार आहे म्हणे, आणि माझं लिंबाचं झाड नेमकं मधे येतंय. तुम्ही दरवर्षी पिशवीभर लिंबं नेता तेच. मी त्याला सांगितलं, भगवंतरावांच्या कुंपणाकडून ने, तिकडे नुसतं गवत आहे. तो म्हणतो, बघतो. शनिवारी तुम्ही आलात की त्याच्याशी जरा मोठ्या आवाजात बोला, झुंबरबाई जवळपास नसताना. फळतं झाड असं तोडू लागले, तर ताई, या देशात सामान्य माणसाने जगायचं तरी कसं?